प्राप्तिकराचा चढा दर आणि यमुनेपलीकडची तक्रार

दिल्ली विकास प्राधिकरणाने यमुनेच्या पूर्वेला वसविलेल्या मयूर विहारात, ज्याला जुन्या अर्थाने धनाढ्य म्हणावे असा मनुष्य फारसा आढळत नाही. परंतु येथील ‘पॉकेट’ नावाच्या विभागांमध्ये आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये राहणारे वकील, डॉक्टर, वास्तुविशारद व सनदी लेखापाल, पलीकडच्या नोएडातील कंपन्यांत आणि वृत्तवाहिन्यांत पगारावर नव्हे तर वार्षिक करारावर काम करणारे सल्लागार, आणि ह्या सर्वांच्या इमारतींची डागडुजी करणारे किंवा महानगरपालिकेच्या निविदा भरणारे ठेकेदार, असे सधन व सधनतेच्या उंबरठ्यावर उभे असलेले वर्ग येथे एकमेकांच्या इतके निकट नांदतात की, चढ्या प्राप्तिकराविषयी उत्पन्नवान माणसाला नेमके काय वाटते ह्याचा शोध घेण्यास ही वस्ती फार सोयीची आहे. शेजारच्या लक्ष्मीनगरात सनदी लेखापालांच्या परीक्षेची शिकवणी देणारे वर्ग दाटीवाटीने भरलेले आहेत आणि जुलै महिना उजाडला की विवरणपत्राचा विषय दिवाणखान्यापासून उद्यानातल्या बाकापर्यंत सर्वत्र चालू असतो. गेली कित्येक वर्षे मी हे संभाषण ऐकत आलो आहे, आणि त्यातील खरे किती व सवयीचे किती ह्याची छाननी करावी ह्या हेतूने हा आढावा घेत आहे.

तक्रारीचे स्वरूप प्रथम निःपक्षपातीपणे मांडले पाहिजे. ती सांगणारा म्हणतो की, एकशे चाळीस कोटींच्या ह्या देशात विवरणपत्र भरणारे आठ-नऊ कोटींच्या घरात आहेत, त्यांतल्याही बहुतेकांचा कर शून्य होतो आणि उरलेल्या मूठभरांच्या मानेवर सगळे जोखड येते. नव्या करव्यवस्थेत उत्पन्न चोवीस लाखांच्या वर गेले की वरच्या प्रत्येक रुपयावर तीस टक्के, पन्नास लाखांच्या वर गेले की त्यावर अधिभार, एक कोटीनंतर आणि दोन कोटींनंतर तो अधिभार पुन्हा चढता, आणि ह्या सर्वांवर चार टक्के उपकर. अशा रीतीने सर्वोच्च दर आज ३९ टक्क्यांवर जातो. एवढे देऊन मुलांची शाळा खासगी, रुग्णालय खासगी, रात्रीचा पहारेकरी संस्थेच्या पैशाचा, आणि हवेतील विष गाळण्याचे यंत्रही स्वतःच्याच खर्चाचे. कराच्या बदल्यात पदरात काय पडले, हा त्याचा प्रश्न असतो. तो खोटा नाही, आणि हिवाळ्यात ज्याने येथील हवेत श्वास घेतला आहे त्याला तो उद्दामपणाचाही वाटणार नाही.

मात्र ही तक्रार आजची नव्हे. १८५७ च्या उठावाने रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी जेम्स विल्सनने १८६० साली प्राप्तिकर बसविला, तेव्हा पाचशे रुपयांवरील वार्षिक उत्पन्नास चार टक्के असा त्याचा दर होता, आणि तरीही तो पाच वर्षांत मागे घ्यावा लागला. १८८६ च्या कायद्याने तो कायमचा रुजला. त्याच कायद्याने शेतीच्या उत्पन्नाला जी सूट दिली ती आजतागायत अबाधित आहे. १९०२ साली केंद्रीय कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी अंदाजपत्रकावरील आपल्या पहिल्याच भाषणात सरकारी शिलकीचे आकडे सरकारपुढेच ठेवून मिठावरील कर उतरविण्याची आणि प्राप्तिकराची किमान मर्यादा हजार रुपयांवर नेण्याची मागणी केली; पुढच्या वर्षी दोन्ही गोष्टी घडल्या. गोखल्यांनी कैवार घेतला तो मीठ विकत घेणाऱ्या गरिबाचा आणि अल्प वेतनाच्या कारकुनाचा. मोठ्या व्यापाऱ्याचा दर उतरवावा अशी मागणी त्यांनी त्यात केली नाही, आणि हा भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. पंचवीस वर्षांनी, १९२७ साली, मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच न्यायाची दुसरी बाजू दाखवून दिली : प्राप्तिकर देणाऱ्याचे उत्पन्न मर्यादेखाली असेल तर त्याला काही द्यावे लागत नाही, पण शेतकऱ्याचे पीक येवो वा न येवो, सारा त्याला चुकत नाही.

दराच्या प्रश्नाने परमोच्च शिखर गाठले ते मात्र स्वातंत्र्योत्तर काळात, आणि त्या कथेतील प्रमुख पात्रे बऱ्याच अंशी मराठी आहेत. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ साली वारसाहक्काने मिळणाऱ्या संपत्तीवर मृत्युकर आला. त्यांच्याच कारकिर्दीच्या अखेरीस, १९५६ साली, केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर ह्यांनी आपला अहवाल दिला. त्यातील सूत्र असे की, प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ४५ टक्क्यांपर्यंत खाली आणावा, आणि त्याच वेळी संपत्ती, खर्च, देणगी व भांडवली नफा ह्यांवर असे कर बसवावेत की श्रीमंतीची कोणतीही वाट मोकळी राहू नये. शासनाने नवे कर बसविले. दर मात्र सुचविला होता तेवढा उतरविला नाही. औषधाच्या दोन मात्रांपैकी एकच घेतली गेली, आणि पुढील दोन दशकांचे दुखणे, माझ्या मते, तेथून सुरू झाले.

१९७० साली इंदिरा गांधींनी स्वतः मांडलेल्या अंदाजपत्रकात दोन लाखांवरील उत्पन्नाचा दर अधिभारासह ९३.५ टक्के झाला. पुढच्या वर्षी, ‘गरिबी हटाव’च्या निवडणुकीनंतर, अर्थमंत्री यशवंतराव चव्हाणांनी अधिभार वाढविला आणि तो ९७.७५ टक्क्यांवर पोहोचला. ह्याचा अर्थ असा की, त्या पायरीवरील माणसाने आणखी शंभर रुपये मिळविले तर त्याच्या हाती सव्वादोन रुपये उरावेत, आणि संपत्तिकर मिळविला तर कधी कधी तेही उरू नयेत. त्याच १९७१ च्या डिसेंबरात निवृत्त सरन्यायाधीश वांछू ह्यांच्या समितीने आपला अंतिम अहवाल दिला. १९६८-६९ साली करातून निसटलेले उत्पन्न सुमारे १४०० कोटी रुपयांचे असावे असा अंदाज बांधून तिने करचुकवेगिरीच्या कारणांत चढ्या दराला पहिले स्थान दिले आणि सर्वोच्च दर ७५ टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली. चव्हाणांनीच १९७४ साली तो ७७ टक्क्यांपर्यंत खाली आणला. ज्या मंत्र्याने दर चढविला त्यानेच पुराव्यापुढे मान तुकवून तो उतरविला, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाची द्योतक आहे.

धनिक वर्ग वांछू समितीचा दाखला आजही देतो, परंतु अर्धाच देतो. समितीने चढ्या दराच्या जोडीला परवाने व नियंत्रणे, राजकीय पक्षांना मिळणाऱ्या देणग्या आणि व्यापारातील भ्रष्ट रूढी ह्यांचाही निर्देश केला होता. दर उतरला म्हणजे चोरी आपोआप थांबेल असे तिचे म्हणणे नव्हते, आणि पुढील इतिहासानेही तसे दाखविले नाही. १९७६ साली ६६ टक्के, १९८५ साली विश्वनाथ प्रताप सिंहांच्या हाती ५० टक्के, १९९२ साली मनमोहन सिंगांच्या हाती ४० टक्के आणि १९९७ साली चिदंबरम ह्यांच्या हाती ३० टक्के, असा दर उतरत गेला. तथापि ज्या वर्षी तो तीसवर आला त्याच वर्षी जाहीर झालेल्या स्वेच्छाघोषणा योजनेत सुमारे ३३ हजार कोटी रुपयांचे दडविलेले उत्पन्न उजेडात आले आणि ते बाळगणाऱ्यांना दंडाविना मोकळे करण्यात आले. नियमाने कर भरत आलेल्या माणसाच्या मनाला ती गोष्ट किती लागली, हे त्या काळी नोकरीत असलेले येथील वृद्ध गृहस्थ अजूनही सांगतात. शंभरातले सत्त्याण्णव मागणे हा जुलूम होता ह्याविषयी मला शंका नाही. प्रश्न एवढाच की आजच्या दराला तोच शब्द लावता येईल काय?

आता आजच्या मयूर विहाराकडे वळू. नोएडातील एखाद्या कंपनीशी करार करून माहिती-तंत्रज्ञानाचे काम करणारा गृहस्थ घ्या, आणि त्याची वार्षिक प्राप्ती चाळीस लाख माना. २०१६ पासून विशिष्ट व्यवसायांना लागू असलेल्या अनुमानित योजनेनुसार तो प्राप्तीचा निम्मा भाग नफा म्हणून दाखवू शकतो. खर्चाच्या वह्या ठेवण्याचे त्याला कारण नाही. २०२५-२६ च्या नव्या दरांनी वीस लाखांवर त्याचा कर उपकरासह २ लाख ८ हजार होतो. त्याच इमारतीतील, त्याच प्रकारचे काम करणाऱ्या पण पगारावर असलेल्या शेजाऱ्याला चाळीस लाखांवर प्रमाणित वजावट घेऊन ७ लाख ८७ हजार ८०० रुपये भरावे लागतात. दर दोघांना एकच, कर जवळजवळ चौपट! करारवाल्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, उपदान नाही, भरपगारी रजा नाही आणि उद्याच्या कामाची शाश्वती नाही, हे सर्व मान्य. त्याचे संगणक, प्रवास व विमा हे खर्चही खरे असतात. तरीसुद्धा ‘इतका टॅक्स कोण भरणार’ हे वाक्य मला अधिक वेळा ऐकू येते ते करारवाल्याच्या तोंडून. कारण विचाराल तर ते दरात नाही, वसुलीच्या रीतीत आहे. कंपनी त्याच्या प्रत्येक देयकातून दहा टक्के टीडीएस कापते. चाळीस लाखांवर चार लाख कापले जातात, देय असतात दोन लाख आठ हजार, आणि उरलेले एक लाख ब्याण्णव हजार परत मिळण्यासाठी त्याला विवरणपत्र भरून वाट पाहत बसावे लागते. ‘रिफंड अडकलाय’ हा ह्या वस्तीतला जुलै ते डिसेंबर चालणारा उद्गार आहे. पगारदाराचे दुःख मुके असते, कारण त्याच्या हाती रक्कम येण्यापूर्वीच कर गेलेला असतो आणि जी कधी हाती आली नाही तिचा विरह तीव्र होत नाही.

ठेकेदाराचे गणित ह्याहून विलक्षण आहे. दोन कोटींपर्यंत, आणि रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर तीन कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या ठेकेदाराला बँकेमार्फत आलेल्या रकमेच्या सहा टक्के आणि रोखीच्या आठ टक्के नफा दाखविण्याची मुभा आहे. दोन कोटींची कामे करून सर्व पैसे बँकेतून घेणाऱ्याचा अनुमानित नफा बारा लाख होतो. आणि नव्या व्यवस्थेत बारा लाखांपर्यंत कर शून्य. त्याचा एक टक्का म्हणून कापलेला दोन लाखांचा टीडीएसही परत मिळतो. म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून, एक पैसाही न दडविता, अशा ठेकेदाराचा प्राप्तिकर काहीच होत नाही, तर तो ज्या इमारतीचे काम करतो तिच्या संस्थेचा पगारदार चिटणीस, जो त्याची देयके तपासतो, लाखांनी कर भरतो.

आणि तरीही चोरी होते. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत बाहेरच्या प्लास्टरच्या व रंगाच्या कामाचे दर वाचून दाखविले गेले, तेव्हा एका ठेकेदाराने दोन आकडे दिले होते : एक पक्क्या बिलाचा, त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर; दुसरा कच्च्याचा, कराविना व रोखीने. सभेत बसलेल्यांत निवृत्त सनदी अधिकारी होते, प्राध्यापक होते, एक वकीलही होते. आणि ‘एवढे लाख वाचत असतील तर बघायला काय हरकत आहे’ ही सूचना ठेकेदाराची नव्हती, आमच्यापैकीच एकाची होती. पुष्कळ चर्चेनंतर पक्के बिल मंजूर झाले, पण ते कोषाध्यक्षांनी लेखापरीक्षणाचे भय घातल्यावर. करचुकवेगिरीचा दोष चढ्या प्राप्तिकरावर ढकलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, येथे ठेकेदाराचा प्राप्तिकर मुळात नगण्य होता. वाचवायचा होता तो आपल्या खिशातला अप्रत्यक्ष कर, आणि त्या बचतीतून जे रोख पैसे जन्मतात तेच पुढे जमिनीच्या व निवडणुकीच्या व्यवहारांत फिरतात.

ठेकेदाराची एक तक्रार मात्र मला सोळा आणे खरी वाटते. शासकीय कामावरील त्याचे देयक मोजमाप पुस्तिकेत चढते, चालू देयकातून अनामत कापली जाते, टीडीएस कापला जातो, आणि उरलेली रक्कम निधीअभावी महिनोन् महिने खोळंबून राहते. मजुराला आठवड्याच्या आठवड्याला द्यावे लागते आणि सिमेंटवाल्याचा तगादा थांबत नाही. २०२५ साली महाराष्ट्रातील शासकीय ठेकेदारांनी थकीत देयकांसाठी आंदोलने केली, ती काही दराविरुद्ध नव्हती. ज्या तिजोरीत कर भरायचा तीच तिजोरी आपले पैसे थकविते, हा त्यांचा आक्षेप होता. ठेकेदार आणि कर ह्यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी महाल मक्त्याने देण्याची रीत बोकाळली आणि अधिक बोली करणाऱ्या मक्तेदाराने आपली रक्कम रयतेकडून पिळून काढली. ह्याच्या उलट टोकाला महात्मा फुले आहेत. खडकवासल्याच्या धरणासारख्या सार्वजनिक कामांना साहित्य पुरविण्याची ठेकेदारी त्यांनी स्वतः केली, आणि त्या खात्याचा कारभार आतून पाहिलेल्या ह्या पुरुषाने १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना बाजू घेतली ती सारा, पट्टी व जकात ह्यांखाली दबलेल्या कुणब्याची. सार्वजनिक कामाचा पैसा शेवटी कोणाच्या घामातून येतो, हे त्यांनी नेमके ओळखले होते. शासकीय कामे घेणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराची मिळकत हाच दुसऱ्याने भरलेला कर असतो, ही साधी गोष्ट कराविरुद्ध बोलताना विसरली जाते.

खऱ्या अर्थाने धनाढ्य असलेल्यांविषयी थोडक्यातच सांगता येईल, कारण त्यांचे उत्पन्न प्राप्तिकराच्या वरच्या पायरीवर क्वचितच उभे राहते. पगार हा त्यांच्या संपत्तीचा लहान हिस्सा. मोठा हिस्सा समभागांच्या वाढीव किमतीत असतो, आणि सूचिबद्ध समभागांवरील दीर्घकालीन नफ्याचा दर २०२४ च्या जुलैपासून साडेबारा टक्के आहे. २००४ ते २०१८ ह्या काळात तर तो शून्य होता. व्यवसाय कंपनीच्या नावाने केला की २०१९ च्या सवलतीनंतर कंपनीचा दर सर्व मिळून सुमारे २५.१७ टक्के, आणि लाभांश वाटेपर्यंत मालकाच्या वैयक्तिक दराचा प्रश्नच उद्भवत नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त, मग ते दोन एकरांच्या कोरडवाहूचे असो की शहरातल्या उद्योगपतीच्या बागायतीचे; विजय केळकर समितीने २००२ साली ह्यावर बोट ठेवले, पण कोणत्याही पक्षाने ते मनावर घेतले नाही. मृत्युकर १९८५ साली गेला आणि संपत्तिकर २०१५ साली. दोन्ही जाताना सांगितलेले कारण एकच, की वसुली क्षुल्लक आहे. संपत्तिकराचे उत्पन्न २०१३-१४ साली हजार कोटींच्या आसपास होते हे खरे. पण एवढ्या मोठ्या देशात ते तितके अल्प का राहिले, ह्याचा विचार न करता करच काढून टाकला गेला. त्याच्या जागी आलेला अधिभार २०१९ साली इतका वाढला की सर्वोच्च दर ४२.७४ टक्क्यांवर गेला. मग श्रीमंत दुबईला चालले अशी हाकाटी झाली, आणि २०२३ साली नव्या करव्यवस्थेत तो ३९ वर उतरला. दुबईला काही लोक गेले हे नाकारता येत नाही. पण ब्रिटनमध्ये १९७४ साली गुंतवणुकीच्या उत्पन्नावरील दर ९८ टक्के होता आणि अमेरिकेत १९५० च्या दशकात सर्वोच्च दर ९१ टक्के होता. ते देश त्यामुळे ओस पडले नाहीत.

सधन माणूस कर देण्यास स्वभावतःच नाखूश असतो, हे मत मला मान्य नाही, आणि त्याला आधार महाराष्ट्राचाच आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेसाठी राज्याने १९७५ साली व्यवसाय कर बसविला. शहरातील पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी ह्यांच्याकडून वसूल होणारी रक्कम खेड्यातील भूमिहीनाच्या मजुरीसाठी राखून ठेवायची आणि तेवढीच भर शासनाने घालायची, अशी ती तजवीज होती. आणि कामे ठेकेदाराकडे न सोपविता सरकारी यंत्रणेमार्फत करवायची, कारण मजुरी मजुराच्याच हाती पडावी. मुंबई-पुण्याचा मध्यमवर्ग तो कर भरत राहिला. रक्कम लहान होती हे एक कारण. घटनेने आजही तिला वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. पण पैसा कोठे जातो हे ठाऊक होते, हे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण. मयूर विहारातल्या करदात्याला आपल्या पैशाचा असा मागोवा घेता येत नाही, आणि त्याच्या कडवटपणाचे मूळ मला तीस किंवा ३९ ह्या आकड्यांपेक्षा येथे अधिक सापडते.

म्हणून ह्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. वरचा दर आणखी उतरवावा ही मागणी आज मान्य करण्याजोगी नाही. ज्याचे उत्पन्न पगाराच्या पावतीत दिसते तोच हा दर पूर्णपणे सोसतो, आणि दर उतरविण्याआधी समभाग, कंपनी व बागायत ह्यांच्या आड राहिलेले उत्पन्न त्याच्या शेजारी आणून बसविणे हे न्यायाचे काम आहे. परंतु शासनाने करदात्याशी वागताना तोच न्याय स्वतःला लावला पाहिजे. १ एप्रिल २०२६ हा ज्याच्या अंमलाचा दिवस ठरला त्या नव्या प्राप्तिकर कायद्याने १९६१ च्या कायद्यातील कलमांची संख्या घटविली आणि भाषा सुलभ केली, हे योग्यच झाले. त्याबरोबर एक लहानशी दुरुस्ती व्हावी, अशी मागणी येथील प्रत्येक करारवाल्याने, पगारदाराने आणि ठेकेदाराने आपल्या खासदाराकडे लेखी करावी : आज कर भरण्यास उशीर झाला तर करदात्याकडून दरमहा एक टक्का व्याज घेतले जाते, आणि परतावा देण्यास शासनाला उशीर झाला तर करदात्याला दरमहा अर्धा टक्का मिळतो. हे दोन्ही दर सारखे करावेत.